पहिल्या पायी वारीचा मार्ग : बल, काल आणि देश यांचा विचार

वाशिम जिल्ह्यातील वैद्यांस वर्षातून अनेकदा एक प्रश्न विचारला जातो. एखादा रुग्ण नाडी दाखवून उठता उठता म्हणतो, "डॉक्टरसाहेब, यंदा पायी जायचे मनात आहे, जाऊ ना?" हा प्रश्न बहुधा निघण्याच्या आठ दिवस अगोदर येतो. पिशवी भरलेली असते, दिंडीत नाव दिलेले असते, आणि वैद्याकडून केवळ होकार व सोबत न्यावयाच्या गोळ्या एवढीच अपेक्षा असते. अशा वेळी दिलेला होकार हा सल्ला नसून सौजन्य असते.

वारी करावी की न करावी हा श्रद्धेचा विषय आहे. तेथे वैद्याने बोलण्याचे कारण नाही. परंतु कोणत्या मार्गाने, कोणत्या ऋतूत व किती दिवसांची पहिली वारी करावी हा बलाबलाचा विषय आहे, आणि तो निश्चितपणे आपला आहे. चुकीच्या मार्गाची निवड झाली तर प्रमेहाच्या रुग्णास पाय गमवावा लागू शकतो, हृद्रोग्याच्या जिवावर बेतू शकते, आणि ज्यास काहीच व्याधी नव्हती तोही मध्येच परतून 'देवाने बोलावले नाही' अशी खंत बाळगतो. वस्तुतः देवाने बोलावलेले असते. मार्ग तेवढा त्याच्या बलास जुळणारा नसतो. यास्तव प्रस्तुत लेखात पहिल्या पायी वारीसाठी मार्ग कसा निवडावा याचे विवेचन करण्याचे आम्ही योजिले आहे.

काल : आषाढी वारी आणि ऋतुचर्या

ऋतुचर्येचा पाठ आपणा सर्वांस अवगत आहे. आदानकालाच्या अखेरीस व विसर्गकालाच्या आरंभी, म्हणजे ग्रीष्मात व वर्षा ऋतूत, मनुष्याचे बल सर्वांत कमी असते. हेमंत व शिशिरात ते श्रेष्ठ असते, तर शरद व वसंतात मध्यम. ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो, वाताचा प्रकोप होतो, आणि तेथेही व्यायाम व आतप टाळावयास सांगितले आहे.

आता पंचांग पाहावे. आषाढ शुद्ध एकादशी २०२३ साली २९ जूनला, २०२४ साली १७ जुलैला आणि २०२५ साली ६ जुलैला आली. श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते. शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी त्याही अगोदर, एकादशीच्या सुमारे पाच आठवडे आधी प्रस्थान ठेवते. विदर्भात पाऊस साधारणतः जूनच्या मध्याच्या सुमारास स्थिरावतो. म्हणजेच वऱ्हाडातून निघणाऱ्या वारकऱ्याच्या वाटचालीचा पूर्वार्ध ग्रीष्माच्या टोकास आणि उत्तरार्ध वर्षाच्या आरंभास येतो. शास्त्राने ज्या संधिकालास बलाच्या दृष्टीने सर्वांत क्षीण म्हटले आहे, नेमक्या त्याच काळात महाराष्ट्रातील सर्वांत मोठी पदयात्रा घडते.

यात परंपरेचा दोष शोधण्याचे कारण नाही. पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या कुटुंबांतील वारकऱ्यास ही वाटचाल सात्म्य झालेली असते, आणि सात्म्य हे ऋतुदोषावर बऱ्याच अंशी मात करते. वर्षभर शेतात राबणाऱ्या शेतकऱ्याचेही तसेच आहे. प्रश्न आहे तो दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याचा, शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींचा, आणि गुडघेदुखी असलेल्या गृहिणीचा. त्यांना हे सात्म्य नाही. ज्यास सात्म्य नाही त्याने पहिलाच प्रयोग सर्वांत दुर्बल ऋतूत करू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणखी एक अडचण सहसा लक्षात घेतली जात नाही. वारीची तयारी किमान दोन महिने चालावी लागते. आषाढीसाठी ही तयारी वैशाखात करावी लागते, जेव्हा आपल्या जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर असतो. म्हणजे सरावही ग्रीष्मातच करावयाचा. साहजिकच तो होत नाही, आणि मनुष्य अनभ्यस्त शरीर घेऊनच प्रस्थान ठेवतो.

याउलट माघ वद्य सप्तमी पाहावी. हा श्री गजानन महाराजांचा प्रकट दिन. शिशिर ऋतू, उत्तम अग्नी, थंड पहाट, आणि तयारीसाठी मार्गशीर्ष व पौष हे दोन्ही महिने अनुकूल. आपल्या परिसरातून अनेक दिंड्या या निमित्ताने शेगावी जातात. त्याचप्रमाणे पोहरादेवी येथे जाणाऱ्या भाविकांनी रामनवमीची यात्रा आणि १५ फेब्रुवारीची संत सेवालाल महाराज जयंती यांतील फरक ध्यानी घ्यावा. चैत्र हा शास्त्राने वसंत असला तरी वऱ्हाडात तो उन्हाळाच होय. पहिल्यांदा पायी जाणाऱ्याने फेब्रुवारीतील निमित्त निवडावे, आणि रामनवमीची वारी अभ्यास झाल्यावर करावी.

कार्तिकी एकादशी या दोहोंच्या मध्ये येते. शरदाचा पित्तप्रकोप ओसरत असतो, बल वाढू लागलेले असते. मात्र आषाढीच्या काळात मार्गावर जी पाण्याची, निवाऱ्याची व वैद्यकीय पथकांची सोय असते ती कार्तिकात तेवढ्या प्रमाणात आढळत नाही. तेव्हा कार्तिकीस जाणाऱ्याने स्वतःची व्यवस्था असलेली जुनी दिंडी गाठावी.

देश : एकूण अंतर नव्हे, सर्वांत लांब टप्पा

मार्ग निवडताना सामान्यतः एकूण अंतर विचारले जाते. आमच्या मते हा प्रश्न फसवा आहे. वैद्याने विचारावे ते असे : या मार्गावरील सर्वांत लांब दिवस कोणता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती आहे काय?

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर असून पालखी साधारण १८ दिवसांत पोहोचते. भागाकार केला तर रोजचे १४ किलोमीटर येतात, आणि ते ऐकून कोणीही म्हणेल की एवढे तर सहज जमेल. परंतु हे दिवस समान नाहीत. आळंदी ते पुणे व पुणे ते सासवड हे दोन्ही टप्पे ३० किलोमीटरच्या आसपासचे आहेत, आणि दुसऱ्यात दिवे घाटाची चढण आहे. म्हणजे सर्वांत कठीण वाटचाल अगदी आरंभी, शरीर रुळण्यापूर्वीच येते. दोहोंमध्ये पुण्यातील मुक्काम आहे, आणि सासवडलाही पालखी विसावते, ही त्यातील जमेची बाजू. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असा मार्ग तुलनेने सुसह्य आहे.

देहूहून निघणारी श्री तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, अकलूज या मार्गाने जाते. दिवे घाट या मार्गावर नाही. वरवंडच्या पुढे रोटीचा घाट आहे. ज्यांना चढणीवर धाप लागते परंतु सपाटीवर चालवते, त्यांच्यासाठी या दोहोंपैकी हा मार्ग बरा.

शेगाव ते पंढरपूर हा मार्ग सुमारे ७५० किलोमीटरचा व ३३ दिवसांचा आहे. भागाकार २२ ते २३ किलोमीटर येतो. येथे एखादा दिवस कठीण असतो असे नसून सलग महिनाभर जवळजवळ प्रत्येक दिवस पुरता मोठा असतो. अकोला, पातूर, मेडशी, शिरपूर जैन, रिसोड, सेनगाव, नरसी नामदेव, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा अशी ही वाट आहे. ही पालखी शिस्तीसाठी प्रसिद्ध असून तीतील वारकऱ्यांची संख्या सुमारे ७०० इतकी मर्यादित असते. आपल्या जिल्ह्यातून जाणारी म्हणून ती आपणास जवळची वाटते, आणि म्हणूनच नवखे लोक तिच्याकडे प्रथम वळतात. तथापि ही वारी पहिली नव्हे, तिसरी असावी. तोवर पालखी जिल्ह्यात असताना तिच्या सोबतीने एखादा टप्पा चालून संध्याकाळी घरी यावे. त्याने सेवाही घडते व स्वतःच्या बलाची कल्पनाही येते.

मग पहिली वाट कोणती? वाशिम परिसरातील भाविकास आम्ही वाशिम ते शेगाव हीच वाट सुचवितो. मालेगाव, मेडशी, पातूर, वाडेगाव, बाळापूर व शेगाव असे सहा टप्पे केल्यास बहुतेक दिवस २० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतात. निघण्यापूर्वी प्रत्येक टप्पा मोटारसायकलवरून मोजून घ्यावा, कारण बाह्यवळण रस्त्यांमुळे प्रत्यक्ष अंतर बदलते.

या वाटेची काही वैशिष्ट्ये वैद्यास ठाऊक असावीत. मेडशीच्या पुढे पातूरचा घाट उतरावा लागतो. श्वासासाठी चढण कठीण तशी गुडघ्यासाठी उतरण कठीण. जानुसंधिगत वाताच्या रुग्णास चढताना न दुखलेला गुडघा उतरताना दुखतो. अशांनी घाटात काठी घ्यावी, लहान पावले टाकावीत, अथवा तेवढा भाग वाहनाने जावे. घाट उतरल्यावर पठार संपून पूर्णेच्या खोऱ्याची काळी सपाट जमीन लागते. तेथे सावली विरळ आणि ऊन वाशिमपेक्षा तीव्र. अकोला-वाशिम राष्ट्रीय महामार्ग आता चौपदरी असून वाहने वेगाने जातात. समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे, आणि पहाटेच्या अंधारात चकाकणारी पट्टी अंगावर असावी. समृद्धी महामार्गावर पायी जाण्यास मनाई आहे. वाट जवळची पडते म्हणून तिकडे कोणी वळू नये.

या वाटेचा सर्वांत मोठा गुण मात्र वेगळाच आहे : येथून परत फिरता येते. मालेगाव, पातूर, बाळापूर येथून एस.टी.ने काही तासांत घर गाठता येते. भाषा, पाणी, अन्न सारे परिचयाचे. ज्वर आला, पाय सुजला तर मनुष्य निमूट परततो व पुढील वर्षी पुन्हा निघतो. घरापासून ४०० किलोमीटरवर, लाखोंच्या गर्दीत, सोबतचे पुढे निघून गेलेले असताना तोच मनुष्य दुखणे लपवितो आणि चालत राहतो. पहिल्या वारीचा मार्ग परतीची लाज न वाटणारा असावा, हे सूत्र आम्ही प्रत्येकास सांगतो.

बल : अर्धशक्तीचे मापन

व्यायाम अर्धशक्तीपर्यंत करावा असे शास्त्र सांगते. सुश्रुताचार्यांनी अर्धशक्तीची लक्षणे दिली आहेत : श्वास तोंडावाटे येऊ लागणे, कपाळ, नाक व सांध्यांवर घाम येणे, मुखशोष. चालण्याच्या संदर्भात हे व्यवहारात आणणे सोपे आहे. जोवर चालणारा सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलू शकतो अथवा अभंग म्हणू शकतो तोवर तो मर्यादेत आहे. शब्द तुटू लागले की मर्यादा ओलांडली. या दृष्टीने टाळ वाजवीत, अभंग म्हणत चालणारी दिंडी स्वतःचे परीक्षण स्वतःच करीत असते.

मर्यादा ओलांडून चालत राहिल्यास काय होते तेही चरकाचार्यांनी अतिव्यायामाच्या दोषांत सांगितले आहे : श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक श्वास, कास, ज्वर, छर्दी. वारीतील तात्पुरत्या दवाखान्यात बसणाऱ्या वैद्यास ही यादी ओळखीची वाटेल.

रुग्णाचे बल ठरविण्यासाठी आम्ही पुढील रीत सुचवितो. सलग तीन दिवस त्याने सकाळ-संध्याकाळ मिळून ठरावीक अंतर चालावे. चौथ्या दिवशी सकाळी तपासावे. झोप लागली काय, भूक आहे काय, मलप्रवृत्ती झाली काय, पायांवर सूज अथवा फोड आहे काय, विश्रांतीच्या वेळची नाडी नेहमीच्या गतीवर आली आहे काय. सर्व ठीक असेल तर ते अंतर त्याचे वाटचालबल समजावे. ज्या मार्गाचा सर्वांत लांब टप्पा या बलापेक्षा मोठा असेल तो मार्ग त्या वर्षी त्याचा नव्हे.

बल वाढविण्यासाठी पादांशक्रम उपयोगी पडतो. सवयीचा त्याग व ग्रहण चौथ्या हिश्श्याने करावे हा नियम येथे तंतोतंत लागू होतो. लक्ष्य २० किलोमीटरचे असेल तर पहिले दोन आठवडे ५, पुढील दोन १०, नंतरचे दोन १५ व शेवटचे दोन २० किलोमीटर, आणि प्रत्येक पायरीवर आठवड्यातून किमान दोन दिवस पूर्ण विश्रांती. असे आठ आठवडे होतात. म्हणूनच वारीचा सल्ला निघण्याच्या दोन महिने अगोदर घ्यावयाचा असतो.

उदाहरणार्थ, समजा ५६ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आले. प्रकृती वातपित्तप्रधान, रक्तदाब औषधाने आटोक्यात, गुडघा कधीमधी दुखतो. तीन दिवसांच्या चाचणीत १० किलोमीटर निर्वेध जमले, १५ ला चौथ्या दिवशी पायांवर सूज आली. त्यांना आळंदीची वारी करावयाची आहे. येथे 'नाही' म्हणण्याची गरज नाही. यंदा मार्गशीर्षापासून पादांशक्रम, माघात वाशिम ते शेगाव, तेथून आल्यावर पुन्हा परीक्षण, आणि ३० किलोमीटरच्या टप्प्याइतके बल आले तर पुढे आळंदी, अन्यथा सासवडपासून दिंडीत सामील व्हावे. भक्ताची इच्छा कायम राहते, क्रम मात्र वैद्याचा.

प्रमेही, हृद्रोगी आणि अनवाणी चालण्याचा प्रश्न

सुश्रुताचार्यांनी प्रमेहाच्या चिकित्सेत निर्धन रुग्णास पादत्राण व छत्रीविना, भिक्षान्नावर, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने अथवा अधिक चालावयास सांगितले आहे. या वचनाचा आधार घेऊन प्रमेहाच्या प्रत्येक रुग्णास वारीस धाडणारे काही वैद्यमित्र आम्हास भेटतात. त्यांनी तीन गोष्टींचा विचार करावा.

पहिली गोष्ट, त्याच आचार्यांनी कृश व स्थूल असे प्रमेहींचे भेद करून कृशास संतर्पण व स्थूलास अपतर्पण सांगितले आहे. तेव्हा हा उपदेश सरसकट नाही. दुसरी गोष्ट, त्या चालण्यास एकादशीची तिथी गाठावयाची नव्हती. थकला तर तो मनुष्य हळू चालू शकत होता. वारीत पालखी थांबत नाही. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, हातापायांची सुप्तता व दाह ही प्रमेहाची पूर्वरूपे आपल्याच ग्रंथांत आहेत. ज्याच्या तळपायास संवेदना नाही त्यास काटा, खडा व तापलेले डांबर कळत नाही. संध्याकाळी रक्ताने भिजलेला मोजा पाहूनच त्यास जखम समजते. अशी जखम पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते.

यास्तव प्रत्येक प्रमेह्याच्या पायाची तपासणी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने व १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने करावी, आणि घोट्याची व पावलावरची नाडी पाहावी. संवेदना कमी, नाडी क्षीण किंवा पूर्वी व्रण होऊन गेलेला असेल तर लांब पदयात्रा नको. अनवाणी तर मुळीच नको. नवस अनवाणी चालण्याचा असेल तर अखेरचे अंतर, मंदिराच्या आवारात, स्वच्छ फरशीवर अनवाणी जावे असे समजावून सांगितल्यास बहुतेक लोक मान्य करतात. पादत्राणधारणाचे गुण दिनचर्येत आचार्यांनीच सांगितले आहेत, हेही त्यांच्या कानी घालावे.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्याची साखर दिवसभर चालण्याने व उपवासाने अकस्मात खाली येऊ शकते. त्याचप्रमाणे लघवी वाढविणारी रक्तदाबाची औषधे उन्हात जलक्षय वाढवितात. या मात्रा आपण परस्पर बदलू नयेत. मूळ औषध देणाऱ्या डॉक्टरांस चिठ्ठी लिहून वारीच्या काळातील मात्रा विचारून घ्यावी, व ती रुग्णाच्या खिशात मराठीत लिहून ठेवावी.

अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला, चालताना छातीत दुखणारा, अनियंत्रित रक्तदाबाचा, वृक्कविकाराचा, तमक श्वासाचा वेग चालू असलेला रुग्ण, तसेच गर्भिणी, यांना पायी न जाण्याचा स्पष्ट सल्ला द्यावा. साठीच्या पुढील प्रत्येकाचा हृदयालेख आधी काढून घ्यावा. अशांनी वाहनाने जाऊन दर्शन घ्यावे, किंवा मार्गावरील अन्नदान व पादसेवेत भाग घ्यावा. ती सेवाही वारीच होय.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

वैद्यास न विचारता निघालेला वारकरी दुकानात मात्र हमखास येतो. म्हणून दुकानदाराचे दोन शब्द कित्येकदा वैद्याच्या सल्ल्याहून अधिक कामी येतात.

'अंगदुखीवर काहीतरी द्या' या मागणीवर बचनाग किंवा कुचला असलेले कल्प देऊ नयेत. महावातविध्वंसन रस, त्रिभुवनकीर्ती रस, विषतिंदुक वटी यांचा यात समावेश होतो. औषधे नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये ही विषद्रव्ये नमूद असून अशा कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. शरीरातील जलांश कमी झालेला, दिवसभर उन्हात चाललेला मनुष्य दुखते म्हणून दोनाच्या चार गोळ्या घेतो, आणि बचनागाचा परिणाम थेट हृदयाच्या गतीवर होतो. वेदनाशामक आधुनिक गोळ्यांचेही तेच. जलक्षयाच्या अवस्थेत त्या वृक्कास घातक ठरतात.

द्यावयाच्या वस्तू साध्या आहेत. पादाभ्यंगासाठी तीळ तेल, घासलेल्या त्वचेसाठी शतधौत घृत, लहान जखमेसाठी जात्यादि तेल व स्वच्छ पट्ट्या, मंदाग्नीसाठी सुंठ, दाहासाठी गुलकंद व मोरावळा (प्रमेही वगळून), आणि जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेली क्षारसंजीवनीची पाकिटे. एक पाकीट किती पाण्यात घालावयाचे ते वाचून दाखवावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ हे प्रमाण कागदावर लिहून द्यावे.

नवे बूट घालून निघू नये, महिनाभर वापरलेलेच घालावेत. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मगच तेल लावावे. फोडाची त्वचा ओढून काढू नये. ही तीन वाक्ये पिशवीसोबत प्रत्येक गिऱ्हाइकास सांगावीत.

शेवटी एक इशारा. उन्हात चालणारा मनुष्य असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापून शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी हा धोका टळत नाही. तेथे पन्हे, हिम, फांट यांची वाट पाहू नये, व शुद्ध नसताना तोंडातून काहीही देऊ नये. सावलीत नेऊन सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काख व जांघेत बर्फ ठेवावा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीतील दुखणे हात किंवा जबड्याकडे जात असेल, गार घाम सुटला असेल, तेथेही हाच क्रमांक.

समारोप

सारांश, पहिल्या पायी वारीसाठी तीन प्रश्न विचारावेत. ऋतू बलाचा आहे काय? मार्गाचा सर्वांत लांब टप्पा मोजलेल्या बलाच्या आत आहे काय? आणि मध्येच परत फिरण्याची सोय व मोकळीक आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर निःशंक आशीर्वाद द्यावा. एकाचेही नकारार्थी असेल तर वारी नाकारू नये, मार्ग बदलावा.

आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे की मार्गशीर्ष लागताच आपल्या दवाखान्यात एक साधा फलक लावावा : 'पायी वारीस जाणाऱ्यांनी दोन महिने अगोदर तपासून घ्यावे.' दुकानदार बंधूंनीही तो आपल्या काउंटरवर ठेवावा. त्या फलकामुळे आठ दिवसांवर येणारा प्रश्न साठ दिवसांवर आला, तर त्याचे खरे उत्तर देण्यास आपणा सर्वांस अवधी मिळेल.